आबांच्या रिपोर्टात 'इंटेस्टिनल मेटाप्लेशिया', घरात मिसळबंदी, आणि हे मेथिलेशन काय असतं?

रंकाळ्याकाठी | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे आबा ६१ वर्षांचे. मला कळायला लागल्यापासून त्यांना पित्ताचा त्रास आहे. शर्टाच्या खिशात पेन, बसचा पास आणि पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. दिवाळीनंतर जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की म्हणायचे, "झालं, भरलं." वजन चार किलो उतरलं तेव्हा आईनं आणि मी मिळून त्यांना एंडोस्कोपीला नेलं.

बायोप्सीचा रिपोर्ट परवा हातात आला. त्यात लिहिलंय: क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, एच. पायलोरी पॉझिटिव्ह, अँट्रम व बॉडी (जठराचा खालचा आणि मधला भाग) दोन्हीकडे इंटेस्टिनल मेटाप्लेशिया, डिस्प्लेशिया नाही. डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या, "घाबरू नका, पण कोर्स पूर्ण करा" म्हणाले आणि बाहेरच्या माणसाला आत बोलावलं. त्यांची पण चूक नाही, बाहेर अजून वीस नंबर होते.

खरी गंमत पुढे. पुण्याच्या आत्तेभावानं घरच्या ग्रुपवर एक लेख टाकला, की पोटाच्या सुजेमुळे डीएनएचं मेथिलेशन बदलतं आणि त्यानं कॅन्सरची शक्यता वाढते. लेख कुणी वाचला नाही, 'डीएनए' आणि 'कॅन्सर' हे दोन शब्द सगळ्यांनी वाचले. आत्या फोनवर रडली. आईनं कांदा-लसूण चटणीची बरणी माळ्यावर टाकली आणि घरात मिसळबंदी जाहीर झाली. तिचं म्हणणं, "चाळीस वर्षं रविवारी कट ओरपला, त्याचं हे फळ."

तर जाणकारांनी सांगा. आबांना कॅन्सर झालाय का, होणार आहे का? डीएनए बदलला म्हणजे आता तो आमच्याकडे पण आलाय का? आणि त्या मेथिलेशनची काही तपासणी मिळते का, म्हणजे करून टाकू.

पेठकरी | सोमवार, रात्री १०.४१

भावा, लोड घेऊ नकोस. रिपोर्टात 'नाही' लिवलंय ते बघ की आधी. आणि मिसळीवर आळ घेशील तर निम्मं कोल्हापूर आत जाईल. आमच्या आज्ज्यानं नव्वदीपर्यंत कट वाढून घेतला, वर खर्डा. पोटाला काय बी नव्हतं, गुडघ्यानं गेला.

(गुडघ्यानं कोण जात नाही ते मला पण माहितीय. ह.घ्या.)

स्लाईडवाली | सोमवार, रात्री ११.३०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या वडिलांची स्लाईड मी पाहिलेली नाही, त्यामुळे उपचार तुमच्या डॉक्टरांच्याच सल्ल्यानं. रिपोर्टची भाषा तेवढी उलगडते.

आधी एक शब्दांचा घोळ. पेशंट म्हणतो 'जळजळ', आम्ही म्हणतो 'दाह', लोक त्याला 'सूज' म्हणतात. ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. जळजळ पेशंटला जाणवते, दाह मला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, आणि दोघांचा मेळ बसेलच असं नाही. आग-आग होणाऱ्या माणसाची स्लाईड कधी स्वच्छ निघते, आणि कधीही ढेकर न दिलेल्या माणसाच्या अस्तरात पांढऱ्या पेशींची जत्रा भरलेली असते.

आबांच्या जठरातून तांदळाच्या कणीएवढे चार-पाच तुकडे काढले असतील. त्यातला एक एंडोस्कोपीच्या खोलीतच पिवळ्या जेलमध्ये टाकतात. त्या जेलमध्ये युरिया असतो. एच. पायलोरी हा जंतू युरियाचा अमोनिया करतो आणि पिवळा ठिपका गुलाबी होतो. बाकीचे तुकडे आमच्याकडे येतात. गिम्झा रंग दिला की अस्तरावरच्या चिकट थरात वाकड्या काड्यांसारखे जंतू दिसतात, स्वल्पविराम सांडल्यासारखे. मेटाप्लेशिया म्हणजे जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी उगवणं. अल्शियन ब्लू लावला की त्यांच्या पोटातला चिकट पदार्थ निळा होतो. गुलाबी अस्तरात मधेच निळ्या मडक्यांची रांग बसलेली असते. जठराच्या जागी आतडं, म्हणजे भाताच्या वाफ्यात ऊस उगवल्यासारखं. पीक वाईट नाही, जागा चुकलीय.

पेलायो कोरिया या पॅथॉलॉजिस्टनी या वाटेचे टप्पे मांडले: जुनाट दाह, मग अस्तर विरळ होणं, मग मेटाप्लेशिया, मग डिस्प्लेशिया (पेशींची ठेवणच बिघडणं, कॅन्सरच्या आधीची पायरी), मग कॅन्सर. बहुतेक लोक यातल्या पहिल्या एक-दोन टप्प्यांवरच आयुष्य काढतात. तुमच्या रिपोर्टात 'डिस्प्लेशिया नाही' हे वाक्य शेवटी आलंय, पण आज ते सगळ्यांत मोठ्यानं वाचायचं. आबांना कॅन्सर झालेला नाही.

वजन का उतरलं हे मात्र डॉक्टरांना पुन्हा विचारा. सगळं या जंतूच्या माथी मारून मोकळं होऊ नका.

रंकाळ्याकाठी | मंगळवार, सकाळी ७.०५

ताई, शेवटून दुसरा परिच्छेद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. चटणीची बरणी अजून माळ्यावरच आहे, पण आत्याला फोन गेला. वजनाचं आज विचारतो.

सायटोसीन | मंगळवार, दुपारी १.१५

धाग्याचं नाव बघून थांबलो, कारण माझं पोट याच विषयावर चालतं. मी डॉक्टर नाही, पेशींवर काम करणारा संशोधक आहे. मूळचा शुक्रवार पेठेतला, आता नोकरीपायी बाहेर. मेथिलेशनचं सांगतो.

महाद्वार रोड डोळ्यांपुढे आणा. एकेक दुकान म्हणजे एकेक जनुक. म्युटेशन झालं म्हणजे दुकानातला माल बिघडला किंवा तराजूत खोट आली. मेथिलेशनमध्ये माल जागेवर असतो, तराजू बरोबर असतो, फक्त शटर ओढून वर सील ठोकलेलं असतं. गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच, वस्तू मिळत नाही. पण दुरुस्तीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक.

आता रसायन. डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. सी म्हणजे सायटोसीन (माझं टोपणनाव). जिथे सी-पुढे लगेच जी येतो तिथे त्या सीवर मिथाइल गट चिकटवता येतो, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच ऐवज. जनुकाच्या दाराशी अशा सी-जी जोड्या दाटीनं असतात आणि निरोगी पेशीत त्या बहुतेक कोऱ्या असतात. तिथे मिथाइल गट गच्च बसले की जनुक गप्प.

सील ठोकणाऱ्या एन्झाइमांना डीएनएमटी म्हणतात, काढणाऱ्यांना टेट. आणि मेख अशी की पेशीची विभागणी होताना डीएनएमटी१ जुन्या धाग्यावरच्या खुणा बघून नव्या धाग्यावर तशाच उमटवतं. दुकानात भाडेकरू बदलला तरी त्याला दुकान सीलसकटच मिळतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आबांच्या जठराच्या अस्तरातल्या या खुणा तिथल्याच पेशींच्या लेकीसुनांकडे जातात, तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे आलाच असेल तर जंतू आला असेल. तो बहुतेक वेळा लहानपणी आणि घरातल्या घरातच लागतो.

दाहाचा आणि या सिलांचा संबंध जपानमध्ये चांगला उकलला गेला. तोशिकाझु उशिजिमा यांच्या गटानं २००६ मध्ये जठराच्या अस्तरातलं काही निवडक जनुकांचं मेथिलेशन मोजलं. ज्यांच्या पोटात एच. पायलोरी होता त्यांच्यात ते नसलेल्यांपेक्षा ५.४ ते ३०३ पट जास्त निघालं. हे कॅन्सर नसलेल्या, धडधाकट लोकांच्या पोटात, बरं का. उरलेलं रात्री लिहितो, मीटिंग आहे.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी ३.५०

सायटोसीन, भाषा आवडली. वाचनखूण साठवली आहे. शंका अशी, की हे सील ठोकतो कोण? जंतू स्वतः ठोकतो, की आपलंच शरीर त्याच्याशी मारामारी करताना स्वतःच्या घराची मोडतोड करतं? शाळेत असताना पाहिलंय, दोन पोरं भांडतात आणि बाक तिसऱ्याचा मोडतो.

सप्तधातू_डिटॉक्स | मंगळवार, सायं. ५.१२

सर्वांना नमस्कार. मेथिलेशन बिघडणे हेच सर्व रोगांचे मूळ आहे. आमच्याकडे २१ दिवसांचा मेथिलेशन शुद्धी कोर्स आहे, ज्यामुळे डीएनए पूर्वीसारखा स्वच्छ होतो. अँटिबायोटिक्सने पोट अधिक खराब होते. संपर्कासाठी व्यनि करा.

पेठकरी | मंगळवार, सायं. ५.२०

आलं का गिऱ्हाईक! आरं, काल शब्द कळला न्हाई तोवर आज कोर्स काढलास?

आकडेबहाद्दर | मंगळवार, सायं. ५.४४

सप्तधातू, एकच विचारतो. डीएनए 'स्वच्छ' झाला हे तुम्ही कोर्सच्या आधी आणि नंतर कशाच्या तुकड्यावर मोजता? जठरातून तुकडा काढता का? मेथिलेशन शून्य केलं तर माणूसच उरणार नाही. बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स गुणसूत्र गप्प राहतं त्यात मेथिलेशनचा हात आहे. सगळी शटरं उघडी ठेवणं म्हणजे आरोग्य नव्हे, रात्री दोन वाजता महाद्वार रोड उघडा असून काय करायचंय?

संपादक | मंगळवार, सायं. ६.३०

जाहिरातीचे पुढचे प्रतिसाद उडवले आहेत. अँटिबायोटिक्स बंद करा असा सल्ला इथे चालणार नाही. मूळ प्रतिसाद संदर्भासाठी ठेवला आहे.

सायटोसीन | मंगळवार, रात्री ११.१०

मास्तर, तुमची शंका ही या सगळ्या विषयाची गाभ्यातली शंका आहे, आणि तिचं उत्तर उंदराच्या भाऊबंदांनी दिलं.

मंगोलियन जर्बिल नावाचा प्राणी असतो. त्याच्या पोटात एच. पायलोरी छान नांदतो आणि दाहही माणसासारखा होतो. त्याच जपानी गटानं जर्बिलना जंतू दिला, मेथिलेशन वाढलं. मग काही जर्बिलना जंतूबरोबर सायक्लोस्पोरिन दिलं. किडनी बदललेल्या पेशंटला प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते औषध. जंतू पोटात तसाच राहिला, दाह मात्र दबला. आणि मेथिलेशन वाढलं नाही. २०१० चं काम आहे. तुमच्या भाषेत, एक पोरगं वर्गात तसंच बसवून ठेवलं, फक्त भांडण होऊ दिलं नाही, तर बाक शाबूत राहिला.

पुढे २०२० मध्ये थोडी यंत्रणाही कळली. दाहाच्या पेशी जे निरोप सोडतात त्यानं सील काढणारे टेट कमी होतात, आणि दाहात तयार होणारं नायट्रिक ऑक्साइड सील ठोकणाऱ्यांचा जोर वाढवतं. एकीकडे ठोकणारे चेकाळले, दुसरीकडे काढणारे सुट्टीवर गेले. दोन्ही एकदम झालं की रस्ताच्या रस्ता बंद.

'रस्ता' मुद्दाम म्हणतोय. एका पेशीत एक शटर पडलं तर फारसं बिघडत नाही. वर्षानुवर्षं दाह राहिला की अस्तराच्या मोठ्या पट्ट्यात अशा खुणा पसरतात. अजून गाठ नाही, सूक्ष्मदर्शकाखाली काही वावगं नाही, पण जमीन भुसभुशीत झालेली. यातलं एखादं सील नेमकं महत्त्वाच्या दुकानाला बसतं. उदाहरणार्थ सीडीएच१, ज्याच्यापासून पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन बनतं, किंवा एमएलएच१, जे डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करतं. एमएलएच१ बंद पडलं की मग खरीखुरी अक्षरं बिघडायला लागतात.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दाहात ज्यांना सील बसतं त्यातली बरीच दुकानं जठरात आधीपासूनच चालत नव्हती. पेशी ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाही अशांनाच सील लवकर बसतं. म्हणजे बहुतेक खुणा निरुपद्रवी. त्या कॅन्सर करत नाहीत, इथे किती वर्षं मारामारी चालली होती ते सांगतात.

पांढरा_रस्सा | बुधवार, सकाळी ९.१८

सगळं वाचलं. आता मुद्द्याचं बोला. दाह गुन्हेगार असेल तर तिखटानं दाह होतो की नाही? मिसळ दोषी की निर्दोष? आमच्या घरात पण हा खटला चालू आहे.

स्लाईडवाली | बुधवार, दुपारी २.०५

मिसळ पुराव्याअभावी सुटते, जामिनावर.

तिखटानं हा जंतू लागत नाही आणि मी स्लाईडवर जो जुनाट दाह बघते तो मिरचीनं होत नाही. तिखट खाल्ल्यावर होते ती जळजळ, आणि आधीच अस्तर सोललेलं असेल तर ती जास्त होते. कोर्स चालू असताना तिखट कमी ठेवा ते पोटाच्या सुखासाठी, डीएनएसाठी नव्हे.

मीठ मात्र खरंच संशयित आहे. खारवलेलं, मिठात मुरवलेलं खाणं जिथे जास्त तिथे जठराचा कॅन्सर जास्त, हे बऱ्याच देशांत दिसलंय, आणि मीठ व हा जंतू एकत्र आले की अस्तराचं नुकसान वाढतं. म्हणजे खटला भरायचाच असेल तर कटापेक्षा शेजारच्या लोणच्यावर, पापडावर, सुकटीवर भरा. आणि जे इथे कुणीच बोललं नाही ते म्हणजे तंबाखू. धूम्रपानानं जठराचा कॅन्सर वाढतो हे पक्कं आहे. आपल्याकडे पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी आणि बायकांच्या हातात मिसरी. हिस्ट्री घेताना बायका मिसरीला व्यसन म्हणून सांगतच नाहीत, "दात घासते" म्हणतात.

रंकाळ्याकाठी | बुधवार, दुपारी ४.३३

आई मिसरी लावते. तिला हा प्रतिसाद वाचून दाखवायचा की नाही ते ठरवतोय. मिसळबंदी करणारीच्या हातात मिसरीची डबी, म्हणजे घरात सरकार पडेल.

पेठकरी | बुधवार, दुपारी ४.४०

दाखव की. पण जेवण झाल्यावर.

आकडेबहाद्दर | बुधवार, रात्री ९.५५

३०३ पट हा आकडा वाचून कुणाची झोप उडाली असेल तर थोडं पाणी घालतो. ती वाढ आहे मेथिलेशनच्या मापात, कॅन्सरच्या शक्यतेत नव्हे. शून्याच्या जवळच्या आकड्याला तीनशेनं गुणलं तरी तो छोटाच असू शकतो.

शक्यता बघायची तर नेदरलँड्सच्या देशभराच्या पॅथॉलॉजी नोंदींवरचा २००८ चा अभ्यास बघा. मेटाप्लेशिया असलेल्यांत वर्षाला साधारण ०.२५ टक्के लोकांना कॅन्सर झाला. म्हणजे आबांसारख्या चारशे जणांची पंगत बसवली तर वर्षात एकाला. तीव्र डिस्प्लेशियात हाच आकडा ६ टक्के होता. आता कळलं ना ताई 'डिस्प्लेशिया नाही' मोठ्यानं वाचा असं का म्हणाल्या?

आणि हे डच आकडे आहेत. आपल्याकडे एक जुनं कोडं आहे: भारतात हा जंतू घरोघरी, पण जठराचा कॅन्सर जपान-कोरियापेक्षा कितीतरी कमी. जंतूचे वाण वेगळे, खाणं वेगळं, माणसं वेगळी, अशी बरीच कारणं सांगतात. पण 'भारतात नसतोच' असं पण नाही. मिझोराममध्ये देशातलं सगळ्यांत जास्त प्रमाण आहे. तिथे धुरावलेलं मांस आणि तुइबुर, म्हणजे तंबाखूचा धूर पाण्यात जिरवून ते पाणी तोंडात धरणं, यांच्याकडे बोट दाखवलं जातं.

सायटोसीन, माझा तुम्हाला प्रश्न. ही सिलं मोजून पुढचं भाकीत करता येतं का? नाहीतर हे सगळं झाल्यावरचं शहाणपण.

सायटोसीन | गुरुवार, सकाळी ८.२०

थोडंफार येतं. जपानमध्ये ज्यांचा सुरुवातीचा जठराचा कॅन्सर दुर्बिणीतून खरवडून काढला होता आणि जंतूही मारला होता अशा आठशेच्या आसपास लोकांवर पाळत ठेवली. अस्तरातल्या एका खुणेचं मेथिलेशन ज्यांच्यात सगळ्यांत जास्त होतं त्या चौथाई गटात नवा कॅन्सर होण्याची शक्यता सगळ्यांत कमी असलेल्या गटाच्या दुपटीहून थोडी जास्त निघाली. २०१५ चं काम.

पण ते आधीच एकदा कॅन्सर झालेले लोक होते. आबांसारख्या माणसासाठी रोजच्या दवाखान्यात ही तपासणी वापरत नाहीत. आणि तिच्यासाठी जठराचाच तुकडा लागतो. रक्तातल्या पेशींची सिलं वेगळी. रक्ताच्या बाटलीवरून 'तुमच्या पोटाचं मेथिलेशन' सांगणाऱ्याकडे पैसे घालवू नका. रंकाळ्याकाठी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हे. तेच पैसे जंतू मेला की नाही हे तपासण्यावर घाला.

रंकाळ्याकाठी | रविवार, रात्री ८.४५

आज गोळ्यांचा सहावा दिवस. आबा सकाळपासून रुसून बसलेत. तोंडाला कायम कडू, तांब्याचं भांडं चाटल्यासारखी चव. चहा पण कडू लागतोय. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन बघितलं, ते पण कडू. दोन वेळा पातळ झालं. म्हणतात, "जळजळ तर गेली, आता कशाला खायच्या?" सहा दिवसांत बंद करून चालेल का? आई त्यांच्याच बाजूनं आहे.

(वजनाबद्दल विचारलं. साखरेची तपासणी सांगितली होती, ती निघाली बॉर्डरवर. सोनोग्राफी ठीक आहे. खाणंच निम्म्यावर आलं होतं म्हणून उतरलं असावं, महिन्यानं पुन्हा वजन करू म्हणाले.)

स्लाईडवाली | रविवार, रात्री ९.०२

अजिबात बंद करू नका. जळजळ कमी झाली ती आम्ल कमी करणाऱ्या गोळीनं, जंतू अजून आत आहे. ती कडू चव बहुधा क्लॅरिथ्रोमायसिनची, ते थुंकीत उतरतं. कोर्स संपला की जाते. अर्धा कोर्स म्हणजे निम्मे जंतू मेले आणि उरलेले त्या औषधाला सरावले. मग दुसऱ्या खेपेला आणखी जड गोळ्या लागतात. पातळ होणं वाढलं, रक्त पडलं किंवा अंगावर पुरळ आलं तर मात्र उद्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

निवृत्त_मास्तर | रविवार, रात्री ९.३०

आबांना सांगा, ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल नावाचा डॉक्टर १९८४ मध्ये या जंतूचं पेलाभर पाणी मुद्दाम प्यायला, कारण जंतूनं पोट बिघडतं हे कुणी मानायला तयार नव्हतं. काही दिवसांत उलट्या सुरू, तपासणीत दाह दिसला. २००५ मध्ये रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळालं. त्यांनी जंतू प्यायला, तुम्हाला नुसत्या गोळ्या घ्यायच्यात.

रंकाळ्याकाठी | रविवार, रात्री १०.१५

मास्तर, सांगितलं. आबा म्हणाले, "त्याला नोबेल मिळालं, मला काय मिळणार?" पण रात्रीची गोळी घेतली. वर गुळाचा खडा, चव मारायला.

पेठकरी | सोमवार, सकाळी ६.५०

आबा = नाद खुळा.

रंकाळ्याकाठी | (दोन महिन्यांनी) शनिवार, सायं. ७.१०

धागा वर काढतोय.

आबांनी १४ दिवस पूर्ण केले. कोर्स संपल्यावर सहा आठवड्यांनी श्वासाची तपासणी केली. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी पूर्ण बंद ठेवायची होती, नाहीतर जंतू असूनही तपासणीत दडून बसतो म्हणाले. ते दोन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. तपासणी मजेशीर निघाली: आधी पिशवीत फुंकर, मग युरियाचं पाणी प्यायचं, अर्ध्या तासानं पुन्हा पिशवीत फुंकर. आबा तरुणपणी तालमीत घुमलेले, पहिल्या फुंकरीतच पिशवी टम्म. टेक्निशियन म्हणाली, "काका, फुगा नाही, हळू."

निगेटिव्ह! वजन दोन किलो वाढलंय.

आता सायटोसीनदादांना शेवटचा प्रश्न. जंतू गेला, मारामारी थांबली. मग शटरं उघडली का?

सायटोसीन | शनिवार, रात्री ११.४०

अभिनंदन, आबांना नमस्कार सांगा.

काही उघडतात, सगळी नाही. जठराच्या अस्तराच्या वरच्या पेशी थोड्या दिवसांत झडतात आणि खालच्या मूळ पेशींपासून नव्या येतात. दाहाच्या काळात वरवरच्या पेशींवर बसलेली सिलं त्या पेशींबरोबर निघून जातात, म्हणून जंतू मेल्यावर मेथिलेशन बरंच उतरतं. पण जी मूळ पेशींमध्ये बसली त्यांची नक्कल होतच राहते. २००६ च्या त्याच कामात एक गोष्ट होती जी मी मागे लिहिली नाही: जंतू नसलेल्या लोकांतही ज्यांना कॅन्सर झाला होता त्यांच्या अस्तरातलं मेथिलेशन निरोगी लोकांच्या २.२ ते ३२ पट होतं. त्यांच्यातल्या अनेकांत जंतू पूर्वी राहून गेलेला असणार. भाडेकरू गेला, सील राहिलं.

सील काढणारी औषधं आहेत, डेसिटाबिनसारखी, रक्ताच्या काही आजारांत वापरतात. पण ती सगळ्या गावाची सिलं तोडत सुटतात, निरोगी माणसाला देण्यासारखी नाहीत.

जंतू मारल्याचा फायदा मात्र खरा आहे. कोरियात जठराचा कॅन्सर झालेल्यांच्या सख्ख्या नातेवाइकांवर केलेल्या प्रयोगात नऊएक वर्षांत औषध घेतलेल्यांपैकी १.२ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी २.७ टक्के लोकांना कॅन्सर झाला. १.२ शून्य नाही. त्यातल्या काहींचा जंतू औषधानंतरही मेला नव्हता, आणि काही भाग या न उघडलेल्या शटरांचाही असू शकतो.

स्लाईडवाली | रविवार, सकाळी ८.१५

म्हणून पुढची एंडोस्कोपी. मेटाप्लेशिया अँट्रम आणि बॉडी दोन्हीकडे आहे, म्हणजे पसरलेला. अशांना युरोपातल्या मार्गदर्शक सूचना दर तीन वर्षांनी बघायला सांगतात. एकाच कोपऱ्यात असता आणि घराण्यात जठराचा कॅन्सर नसता तर एवढी गरज पडली नसती. तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?

रंकाळ्याकाठी | रविवार, सकाळी १०.५०

तेच. तीन वर्षं. आबा म्हणाले, "जंतू निगेटिव्ह तर पुन्हा नळी कशाला?" त्यांना शटरचं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अतिक्रमण काढलं, पण पंचनामा बाकी."

तारीख लिहून ठेवायची तर कॅलेंडर तीन वर्षं पुढचं मिळत नाही. आईनं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे ती गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा पेन्सिलीनं लिहिते, तिथे शेवटी पेनानं लिहिलंय: 'यांची नळी', पुढे महिना आणि साल. त्याच्याच खाली कुणीतरी आज सकाळी 'हिची मिसरी बंद' असं लिहून तारीख घातलीय. अक्षर आबांचं आहे. आईनं अजून खोडलेलं नाही.

चटणीची बरणी खाली आलीय. आत्ता मिसळ आणायला निघालोय, ब्रेडचे स्लाईस आणि कट वेगळा बांधून.

पेठकरी | रविवार, सकाळी १०.५२

थांब, आलोच.